विवाहकथेतील हरवलेले हसू

ख्रिस्ती विवाहावर विनोदी कथा का मिळत नाहीत, असे उजनीकाठचे आमचे तरुण वाचक विचारतात. प्रश्न रास्त आहे. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’मध्ये (१८५७) विधवा यमुना ख्रिस्ती होते, पुनर्विवाह करते, हेतू थोर, पण हसण्यास जागा थोडी. हसू सापडते ते लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त, आणि ती तर कादंबरीच नव्हे! पतीचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, त्यांचा १९०० साली. मधल्या दुराव्यातील काही काळ त्यांनी याच भीमेकाठी, पंढरपुरात काढला. तो सांगताना त्या स्वतःच्या सोवळ्याला हसतात, पतीच्या लहरींनाही. त्याच्या श्रद्धेला मात्र नाही. आमच्याकडे येणाऱ्या कथांत नायिका नोव्हेना म्हणते आणि शेवटच्या परिच्छेदात वर बाप्तिस्म्यास तयार होतो. त्या वराची आई काय म्हणाली, हे कोणी लिहीत नाही.