सिनेमातून निसटलेलं गाणं

चोवीस तास फक्त मराठी गाणी दाखवणारी वाहिनी यायला २०११ साल उजाडावं लागलं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, १५ ऑगस्ट १९९९ला अल्फा मराठी आली, पाठोपाठ ई-टीव्ही मराठी आली. मालिका, बातम्या, पाककृती, हास्यस्पर्धा सगळं मिळालं, पण गाण्याच्या वाट्याला कार्यक्रमापुरतीच जागा होती. तमिळ आणि बंगाली प्रेक्षकांना गाण्यांच्या वाहिन्या कितीतरी आधी मिळाल्या होत्या. संगीताचं वेड असलेल्या आपल्या मुलखात इतका उशीर का झाला, याचं उत्तर मला गाण्याच्या चित्रीकरणात सापडतं. आपलं गाणं ऐकायचं होतं, ते बघायचं नव्हतं. भावगीताच्या मैफलीत गायक बसून गातो, समोर हार्मोनियम, बाजूला तबला, आणि ऐकणारा डोळे मिटतो. दूरदर्शननेही हीच बैठक उचलली. ‘शब्दांच्या पलीकडले’सारख्या कार्यक्रमात गाण्यामागचा विचार उलगडायचा, गाणं समजायचं. ती मोठीच श्रीमंती होती, पण तिच्यावर दिवसरात्र चालणारी वाहिनी उभी राहत नाही. तिला चित्रित केलेलं, साडेतीन मिनिटांत आपल्या पायांवर उभं राहणारं गाणं लागतं, आणि तशी गाणी रोज शेकड्यांनी लागतात.

हा साठा हळूहळू जमला. २००२च्या सुमारास ‘ऐका दाजीबा’ आलं. वैशाली सामंतचा तो ठसकेबाज आवाज आणि अवधूत गुप्तेचं संगीत यांनी मराठी गाणं देशभरच्या संगीत वाहिन्यांवर नेलं, आणि मराठी शब्दांवर परप्रांतातली मुलंही नाचू शकतात हे दिसलं. २००४च्या ‘अगं बाई अरेच्चा!’ने अजय-अतुलना घरोघरी नेलं. ‘जत्रा’तल्या ‘कोंबडी पळाली’त आनंद शिंदेंचा आवाज होता. कॅसेटच्या काळात गल्लीगल्लीत वाजलेला तो आवाज आता नव्या चित्रपटाच्या पडद्यावर आला. मग ‘जोगवा’, मग १ जानेवारी २०१०ला ‘नटरंग’. हिंदी गाण्यांची ‘नाइन एक्स एम’ चालवणाऱ्या कंपनीने २०११मध्ये ‘नाइन एक्स झकास’ सुरू केली, तेव्हा दाखवायला माल तयार होता. ‘नटरंग’ नसता तर ती वाहिनी दोन महिन्यांत त्याच त्या गाण्यांच्या फेऱ्यांत अडकली असती, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

वाहिनीवरचं ‘नटरंग’ आणि चित्रपटातलं ‘नटरंग’ यांत मात्र बराच फरक आहे. आनंद यादवांच्या कादंबरीतला गुणा कागलकर हा कुस्तीने कमावलेल्या अंगाचा शेतमजूर. तमाशाच्या वेडापायी तो फड उभा करतो, आणि नाच्या मिळत नाही म्हणून स्वतःच नाच्या होतो. अतुल कुलकर्णीने त्यासाठी शरीर आधी कमावलं, मग उतरवलं. गावाची टिंगल, घरच्यांचं तुटणं, पुरुषपणावरचा घाव, सगळं तो सोसतो. या सोसण्याच्या मधोमध ‘अप्सरा आली’ येतं. गुरू ठाकूरचे शब्द, बेला शेंडेचा आवाज, फुलवा खामकरचं नृत्यदिग्दर्शन आणि सोनाली कुलकर्णी. चित्रपटात ही लावणी बघताना तिच्यासाठी कुणी काय मोजलंय हे आपल्याला ठाऊक असतं. वाहिनीवर ती लागते तेव्हा गुणा जवळजवळ नसतोच. उरते ती लावणी. नजरेचा एक फटका, पदराची एक चाल, ढोलकीचा तोडा. लावणीची अदाकारी सभेकडे बघून होते. वाहिनीने सभेच्या जागी कॅमेरा बसवला आणि ती अदा थेट आपल्या अंगावर आली. गाणं कथेतून सुटलं, हलकं झालं, आणि म्हणूनच वरातीत, गॅदरिंगमध्ये, रिक्षात सगळीकडे गेलं.

हे हलकं होणं मी सलूनमध्ये नीट पाहिलं. आमच्याकडच्या सलूनमध्ये टीव्ही गिऱ्हाइकाच्या पाठीमागे, वर कोपऱ्यात टांगलेला असतो. मान हलवायची सोय नसते, म्हणून गाणं समोरच्या आरशात बघायचं. खालच्या पट्टीतलं चित्रपटाचं नाव उलटं दिसतं, वाचता येत नाही. वस्तऱ्याच्या वेळी कारागीर आवाज बंद करतो, आणि गाणं नुसतं दिसत राहतं. अशा वेळी कुठलं गाणं तग धरतं ते चटकन कळतं. ‘अप्सरा आली’ आवाजाशिवायही गाणंच राहतं. हातांच्या हालचालीवरून ताल मोजता येतो. बरीचशी गाणी मात्र आवाज जाताच नुसती कपड्यांची जाहिरात होऊन बसतात. चित्रपटाचं नाव वाचता येत नाही, आवाज नाही, तरी खुर्चीत बसलेला माणूस गुडघ्यावर बोटं वाजवतो. ही ताकद मराठी गाण्यात त्याआधी नव्हती, असं मी म्हणेन. ती वाहिनीच्या निमित्ताने कमावली गेली.

या सगळ्या प्रवासातलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं गाणं तर चित्रपटात मुळातच नाही. १४ फेब्रुवारी २०१४ला नागराज मंजुळेचा ‘फँड्री’ प्रदर्शित झाला. त्याआधी अजय-अतुलनी केलेलं, अजय गोगावलेने गायलेलं विंचवाचं गाणं वाहिन्यांवर आणि यूट्यूबवर येऊन गाजलं होतं. ते प्रसिद्धीसाठी केलेलं गाणं. चित्रपटाचं पार्श्वसंगीत अलोकनंदा दासगुप्ताचं, आणि ते अतिशय संयत. माळाचा वारा, डुकरांची गडबड, माणसांची बोली यांना जागा देणारं. विंचवाचं गाणं त्यात कुठेच वाजत नाही. म्हणजे या गाण्याचं खरं घर टीव्हीचा पडदा. तिथेच ते जन्मलं.

गाणं ऐकताना पहिल्यांदा पकडतो तो ठेका. अंगात येणारा, पाय जमिनीवर आपटायला लावणारा, जत्रेतला आणि मिरवणुकीतला ठेका. त्यावर अजयचा आवाज चढतो. जुन्नर, शिरूर भागात लहानपण गेलेल्या या भावांच्या कानांवर गोंधळी, बँडवाले, भजनी असे सगळे आवाज पडलेले, आणि अजयच्या गळ्याला ती मोकळी, जरा खरखरीत धार आहे. वरच्या पट्टीत तो गोड होत नाही, पिळवटतो. प्रेम म्हणजे विंचवाचा डंख ही कल्पना अशा गळ्यातूनच खरी वाटते. गोड गळ्याने म्हटली असती तर ती अलंकार म्हणून राहिली असती. इथे वेदना आणि नाच एकाच ठेक्यावर चालतात. डंख झालेला माणूस कळवळून नाचावा, आणि बघणाऱ्याला तो आनंदाने नाचतोय असं वाटावं, अशी ही रचना आहे.

मराठी कानाला हा विंचू नवा नाही. नाथांच्या भारुडातला विंचू आपण शाळेपासून ऐकत आलोय. तिथे तो कामक्रोधाचा आहे, आणि त्यावर उतारा आहे सत्त्वगुणाच्या अंगाऱ्याचा. राख लावली की वेदना उतरते. अजय-अतुलचं गाणं ऐकून ‘फँड्री’ बघायला बसलं की ही राख अवचित समोर येते. चित्रपटातल्या जब्या या मुलाला काळी चिमणी हवी आहे. तिला जाळून तिची राख आपल्याला आवडणाऱ्या शालूवर टाकली की शालू आपली होईल, असं त्याच्या मनाने घेतलंय. दिवसचे दिवस तो बेचकी घेऊन मित्राबरोबर माळावर त्या चिमणीच्या मागे फिरतो. भारुडात राख विष उतरवते. जब्याची राख विष दुसरीकडे चढवण्यासाठी आहे. उतारा त्याला नकोच आहे. आपल्याला चढलं तसं तिलाही चढावं, एवढंच त्याचं मागणं. गीतात विंचू आहे, चित्रपटात राख आहे, आणि दोन्ही एकत्र ठेवले की एक जुनं भारूड उलटं होऊन समोर येतं. हे कुणी ठरवून केलं का, हा प्रश्न मला गौण वाटतो. भाषेच्या पोटात साठलेल्या गोष्टी अशाच वर येतात.

गाण्याच्या चित्रफितीत चित्रपटातलीच दृश्यं आहेत. जब्या बघतो, शालू दिसते. माळ, शाळा, जत्रा. सारा भर बघण्यावर. मुलगा बघतोय, म्हणून जग सुंदर आहे. वाहिनीचाही सगळा व्यवहार बघण्याचाच, त्यामुळे गाणं तिथे पाण्यात मासोळी असावी तसं रमतं. चित्रपट मात्र हे बघणं उलटं फिरवतो. कैकाडी कुटुंबातल्या जब्याच्या वाट्याला गावाची डुकरं पकडण्याचं काम आहे, आणि शेवटी ते काम शाळेच्या आसपास, सगळ्यांच्या देखत करावं लागतं. जब्या लपतो, भिंतीआड, झुडपाआड, कुणी बघू नये म्हणून. बाप त्याला ओढून बाहेर काढतो. गाव जमतं, खिदळतं, आणि त्या बघ्यांत शालूही असते. गाण्यातला बघणारा मुलगा आता बघितला जातोय. ज्या डोळ्यांनी आपण टीव्हीवर ते गाणं पाहिलं, तेच डोळे आता त्या गर्दीत उभे आहेत, हे ओळखलं की खुर्चीत अवघडून बसायला होतं. जब्याने भिरकावलेला शेवटचा दगड कॅमेऱ्याकडे येतो तो उगाच नाही.

या बापाची भूमिका किशोर कदमने केली आहे, आणि किशोर कदम म्हणजे सौमित्र, ‘गारवा’चा कवी. नव्वदीच्या अखेरीस आलेल्या त्या पावसाच्या अल्बमने कॉलेजातल्या एका पिढीला प्रेमाची भाषा दिली होती. तोच माणूस इथे गळ्यात दोर घेऊन डुकरामागे धावतो आणि पोराच्या प्रेमाला कसलीच भाषा मिळू देत नाही. मराठी गाण्याच्या इतिहासात रमणाऱ्याला ही जोडणी चटका लावून जाते.

हलगीबद्दलही सांगायला हवं. जब्या झालेला सोमनाथ अवघडे नागराजला सापडला तो गावात हलगी वाजवताना. या मुलाच्या हातात ठेका आधीपासून होता. अभिनय नंतर आला, आणि त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. चित्रपटातल्या जत्रेत जब्या नवे कपडे घालून नाचायला जातो, क्षणभर गर्दीतला एक होतो, गावातला चंक्या त्याला खांद्यावर घेऊन नाचवतो. आणि मग मिरवणुकीत डोक्यावर बत्ती धरण्याचं काम त्याच्यावर येतं. नाचणाऱ्यांना उजेड दाखवायचा, आपण नाचायचं नाही. ज्या ठेक्यावर महाराष्ट्रभरची वरात नाचली, त्या ठेक्याच्या मूळ मालकाला गावात मिळालेली जागा ही. गाणं हे सांगत नाही, सांगूही शकत नाही. त्याचं काम नाचवण्याचं. सांगतो तो चित्रपट. एकाच दिग्दर्शकाच्या नावावर या दोन्ही गोष्टी पाठोपाठ लोकांपुढे आल्या हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गाणं चित्रपटात घातलं असतं तर चित्रपट खचला असता, आणि गाणं केलंच नसतं तर ज्या पोरांसाठी ‘फँड्री’ होता त्यांतली कितीतरी पोरं थिएटरपर्यंत आली नसती.

दोन वर्षांनी, २९ एप्रिल २०१६ला ‘सैराट’ आला, तेव्हा नागराजने वेगळी वाट धरली. इथे चारही गाणी चित्रपटात आहेत, वाहिन्यांना पुरून उरतील इतकी भरघोस. काहींसाठी तर हॉलिवुडात जाऊन सिम्फनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केलेला. पण ती आहेत आर्ची आणि परश्या हे प्रेमी गावात असेपर्यंतच. पळून हैदराबादला पोचल्यावर गाणं संपतं. उरतो तो कुकर, भांडण, नळाचं पाणी, कामाच्या पाळ्या. आणि शेवटच्या दृश्यात तर आवाजच काढून घेतलाय. ‘झिंगाट’वर नाचून बाहेर पडू असं समजून आलेल्या माणसाला दिग्दर्शकाने दिलेलं हे उत्तर. गाणं मुद्दाम दिलं आणि मुद्दाम काढून घेतलं.

‘झिंगाट’ त्या उन्हाळ्यात वाजत होतं, आणि ५ सप्टेंबर २०१६ला जिओची सेवा रीतसर सुरू झाली. स्वस्त डेटा आल्यावर गाणं बघायला सलूनची खुर्ची किंवा घरातल्या रिमोटची पाळी लागेनाशी झाली. म्हणून ‘झिंगाट’ हे वाहिन्यांच्या काळातलं शेवटचं मोठं सामुदायिक गाणं आहे, असं माझं मत आहे. त्यानंतरही वाहिन्या आल्या. ‘झी वाजवा’ तर ऑक्टोबर २०२०मध्ये आली, थिएटरं मार्चपासून बंद होती तेव्हा. ज्या काळात नव्या चित्रपटाचं गाणं जन्मालाच येत नव्हतं, त्या काळात चोवीस तास गाणी दाखवायला निघणं याला धाडसच म्हणायचं. जुनी गाणी त्या महिन्यांत पुन्हा नव्याने फिरली, बंद घरांतून वाजली. आता फोनवर गाण्याचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा फिरतो. वाहिनीने अंतरा कापला होता, फोनने मुखडाही निम्मा केला. एवढ्याशा तुकड्यात विंचवाचं गाणं तरीही तग धरतं, कारण त्याचा ठेका पहिल्या काही क्षणांतच अंगात शिरतो. ‘फँड्री’ न बघता नुसत्या त्या तुकड्यावर नाचणाऱ्या पोरांची आता एक पिढी झाली आहे. त्यांना माझं सांगणं एवढंच, की गाणं आधी पोटभर वाजवा, हवं तितकं नाचा, आणि मग चित्रपट बघा. क्रम उलटा केलात तर ते गाणं पुन्हा तसं वाजणार नाही.