ड्रेपरीत नसलेला वेष

जुन्या काळाचे संगीत आणि नृत्य त्या काळाच्या वेषात, त्या काळाच्या वाद्यांवर आणि त्या काळाच्या पदन्यासांसह सादर झाले पाहिजे, असा विचार आज जगभर प्रतिष्ठा पावला आहे. युरोपातील साधारण १६०० ते १७५० या काळातील संगीताला 'बरोक' असे नाव आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारात हे संगीत आणि हे नृत्य वाढले. १६५३ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, हा राजा स्वतः सूर्याच्या वेषात नाचला. १६६१ साली त्याने नृत्याची अकादमी स्थापन केली. पुढे हे सारे मागे पडले आणि विसाव्या शतकात पुन्हा उकरून काढले गेले. ल्युलीचे 'आतिस' हे संगीतनाटक १९८७ साली पॅरिसमध्ये दरबारी वेषभूषेसह रंगमंचावर आले, तेव्हापासून या चळवळीला युरोपात मोठा प्रेक्षक मिळाला.

परभणीत राहून मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारख्याने यावर का लिहावे, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. हाच विचार आपल्याकडे वेगळ्या नावाने नांदतो. महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत आणि युवक महोत्सवांत मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. ड्रेपरीवाल्याकडून पगड्या येतात, अंगरखे येतात, नऊवारी शालू, नथ आणि कंबरपट्टे येतात. ढोलकी घुमू लागते, 'पेशवेकालीन लावणी' सुरू होते आणि निवेदक सांगतो, हा आपला वैभवशाली वारसा. पोरे टाळ्या वाजवतात. त्यांत आपलीही पोरे असतात. हा वारसा नेमका कोणाचा, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही.

प्रथम या विचाराच्या बाजूने जे बोलता येईल ते बोलले पाहिजे. पोशाख ही केवळ सजावट नाही. बरोक नर्तकाच्या उंच टाचा आणि कमरेला आवळलेली चोळी त्याच्या शरीराची चाल ठरवतात; टाच बदलली की पाऊल बदलते, पाऊल बदलले की संगीताची लय बदलते. पायांतल्या चाळांचे वजन आणि नऊवारीचा काष्टा लावणीचा पदन्यास असाच ठरवतात. जुन्या व्हायोलिनला धातूची तार नसे. मेंढ्याच्या आतड्यापासून केलेली तात असे, आणि तिचा नाद निराळा. हे सारे खरे ज्ञान आहे. ते मिळवण्यासाठी युरोपातील कलावंतांनी जे कष्ट घेतले त्यांची टवाळी करण्याचे कारण नाही.

माझा आक्षेप दुसऱ्या बाजूने आहे. काळाशी इमान राखायचे म्हटले तर ते कोठपर्यंत राखायचे? तातीपर्यंत आणि टाचेपर्यंत राखायचे, आणि माणसापाशी येऊन थांबायचे?

चौदाव्या लुईच्या दरबारात लाल टाचेचे जोडे घालण्याचा मान फक्त सरदारांना होता. म्हणजे वेष हा तेथेही दर्जाचा शिक्का होता. याच राजाने १६८५ साली फ्रेंच वसाहतींतील गुलामांसाठी कायदा केला, ज्यात माणूस ही जंगम मालमत्ता ठरली. त्या काळच्या उमराव घराण्यांची तैलचित्रे पाहिली तर पुष्कळदा एका कोपऱ्यात काळ्या वर्णाचा लहान मुलगा दिसतो. अंगावर भरजरी कपडे, डोक्यावर फेटा, हातात फळांचे तबक, आणि कधी कधी गळ्यात चांदीचे कडे. ते कडे दागिना नव्हते, मालकीची खूण होती. लंडनमध्ये राहून अजरामर संगीत रचणाऱ्या हँडेलने गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत पैसे गुंतवले होते, हेही आता अभ्यासकांनी कागदपत्रांवरून दाखवून दिले आहे. मग काळाच्या वेषात कार्यक्रम करायचा तर केसांचा टोप येतो, लाल टाच येते, आणि ते चांदीचे कडे तेवढे का येत नाही? तोही त्याच काळाचा वेष होता.

हाच प्रश्न घेऊन पेशवाईकडे वळू. 'जातिव्यवस्थेचे निर्मूलन' या १९३६ च्या आपल्या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी पेशव्यांच्या राज्यातील अस्पृश्याचे वर्णन केले आहे. सवर्णाचा चुकून स्पर्श होऊन विटाळ होऊ नये म्हणून ओळख पटवणारा काळा दोरा मनगटात किंवा गळ्यात. पुण्यात पावलांचे ठसे पुसण्यासाठी कमरेला झाडू. थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडके. दोरा, झाडू, मडके: हा पेशवेकालीन वेष आहे. पगडीइतकाच तो अस्सल आहे. पण कोणत्याही ड्रेपरीवाल्याच्या पेटीत तो नसतो, कारण त्याची मागणी कोणी करत नाही.

आणि ज्या लावणीवर टाळ्या पडतात तिचे काय? पेशवाईच्या उत्तरार्धात होनाजी, सगनभाऊ, परशराम, प्रभाकर, राम जोशी यांच्या लावण्या गाजल्या. त्यांत गवळी होता, मुसलमान शिकलगार होता, शिंपी होता, ब्राह्मण होता. शाहिरांची नावे आपण पाठ करतो. पण त्या लावणीवर नाचणारीचे नाव काय? त्याच राज्यात बटकी आणि कुणबिणी होत्या. व्यभिचाराचा आरोप ठेवून स्त्रीला सरकारजमा करता येत असे, तिला सरकारी कोठ्यांवर राबवता येत असे, विकता येत असे. नाटकशाळा ही दरबाराची चैन होती. शर्मिला रेगे यांनी लावणीवरील आपल्या लेखनात स्त्रीच्या श्रमाचे आणि लैंगिकतेचे हे शोषण जातीच्या चौकटीत उलगडून दाखवले. शैलजा पाईक यांच्या २०२२ च्या इंग्रजी ग्रंथाने तमाशातील दलित स्त्रीचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. तेव्हा 'माहिती नव्हती' ही सबब आता चालण्यासारखी नाही.

पॅरिसच्या एका कार्यक्रमाचे चित्रमुद्रण मी वर्गात दाखवले, तेव्हा लावणी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तीनशे वर्षांपूर्वीची पावले यांना कळली कशी?" प्रश्न मार्मिक होता. १७०० साली पॅरिसमध्ये फोयए नावाच्या नृत्यगुरूने पावले कागदावर लिहिण्याची पद्धत छापून प्रसिद्ध केली. तिच्यामुळे शेकडो नाच आज वाचता येतात. दरबारापाशी कागद होता, छापखाना होता, अकादमी होती. आपल्याकडे कोल्हाटी, महार, मांग घरांतील बायांची पावले कोणी लिहिली? ती आईच्या पायांतून लेकीच्या पायांत उतरली. तेथे परंपरा तुटली म्हणून कागदावरून पुन्हा उभी करावी लागली. येथे ती जिवंत शरीरांत टिकली, आणि टिकवणाऱ्या शरीरांची मात्र विटंबना झाली. विठाबाई नारायणगावकर यांना राष्ट्रपतिपदक मिळाले, आणि अखेरचे दिवस त्यांनी विपन्नावस्थेत काढले. २००२ साली त्या गेल्या. आज त्यांच्या नावाने सरकार पुरस्कार देते. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' ज्यांनी वाचले त्यांना नाचणारीच्या घरात पडद्यामागे काय असते हे सांगायला नको.

वाद्यांचीही तीच कथा. ढोलकीचे आणि हलगीचे कातडे कमावणारा हात विटाळाचा, पण त्यातून निघणारा नाद मंगल. नाद घरात घ्यायचा आणि हात वेशीबाहेर ठेवायचा, ही आपल्या रसिकतेची जुनी रीत आहे.

येथे परभणीची म्हणून एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तेथेच राहिला. शनिवारवाड्याचा दरबार हा येथील गावकुसाबाहेरच्या माणसाचा भूतकाळ नव्हे. येथे वेठ होती, येसकरकी होती, बलुत्याच्या भाकरी होत्या. याच जिल्ह्यात गंगाखेड आहे, दासी म्हणून राबलेल्या जनाबाईचे गाव. गोंधळमहर्षी म्हणून ओळखले गेलेले राजारामभाऊ कदम परभणीचेच. संबळ, तुणतुणे, दिवटी, कवड्यांच्या माळा हा गोंधळ्याचा वेष या मातीत वापरातला आहे. तो भाड्याने आणावा लागत नाही. तरीही आमच्या संमेलनाला पुण्याची पगडीच भाड्याने आणावीशी वाटते. प्रस्थापितांचा भूतकाळ हाच सर्वांचा भूतकाळ, हे मनावर किती खोल बिंबले आहे याचा हा पुरावा होय.

मराठी रंगभूमीवर काळाच्या वेषात संगीत आणि नृत्य यांचा अत्यंत समर्थ वापर 'घाशीराम कोतवाल'ने केला. १९७२ साली हे नाटक आले. तेंडुलकरांची संहिता, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत, कृष्णदेव मुळगुंदांचे नृत्य. ब्राह्मणांची ओळ माणसांचा पडदा होऊन डोलत उभी राहते आणि तिच्याआड सत्तेचे व्यवहार चालतात. वेष येथे गौरवासाठी आलेला नाही, वेष येथे आरोपी आहे. या नाटकाचे मोल मी मानतो. पण तेथेही तो पडदा सरकतो तेव्हा आत पुण्याच्याच उच्चवर्णीयांचा संघर्ष दिसतो. वाड्याबाहेरच्या रस्त्यावर मडके घेऊन चालणारा माणूस त्या नाटकाचा विषय होत नाही. पेशवाईवरची कठोर टीकासुद्धा वाड्याच्या आतूनच होते, एवढे मला नमूद करायचे आहे.

मग उपाय कोणता? काही तरुण मित्र म्हणतात, मडके आणि झाडू रंगमंचावर आणा. त्यांचा संताप मला समजतो. परंतु प्रश्न असा की ते मडके गळ्यात बांधणार कोण? संमेलनात ते पुन्हा आपल्याच पोराच्या गळ्यात पडणार, ड्रेपरीवाला त्याचेही भाडे लावणार, आणि प्रेक्षक हळहळून घरी जाणार. अपमानाचा देखावा झाला की त्याचीही रसिकता तयार होते. शिवाय आपल्या चळवळीचा इतिहास नेमका उलट आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी, जात दाखवणारी पद्धत सोडायला आणि हातापायांतले जड दागिने टाकायला सांगितले. ज्यांच्यावर वेष लादला गेला होता त्यांच्यासाठी तो उतरवणे हीच इतिहासातील मोठी घटना होती. कोणाला आजोबांची पगडी जपण्यात अभिमान वाटत असेल. आपल्या आज्यांनी जे उतरवून टाकले, त्या उतरवण्यात आपला अभिमान आहे. वारशाचे हे दोन अर्थ एका निवेदनात बसत नाहीत.

या पेचातून वाट काढणारे एक उदाहरण पॅरिसमध्येच घडले. रामोने १७३५ साली 'लेझेंद गालांत' हे नृत्यनाट्य रचले. त्यातील 'रानटी लोकांचा' नाच प्रसिद्ध आहे. त्याची धून रामोला सुचली ती १७२५ साली पॅरिसच्या रंगमंचावर नाचवल्या गेलेल्या अमेरिकेच्या मूलनिवासी माणसांना पाहून. धून राहिली, रामोचे नाव राहिले. २०१९ साली पॅरिसच्या सरकारी ऑपेरागृहात हेच नृत्यनाट्य क्लेमाँ कोजितोर यांनी दिग्दर्शित केले. नृत्याची बाजू बिंतू देंबेले या कृष्णवर्णीय नर्तिकेकडे होती. वाद्यमेळ जुन्या पद्धतीचा ठेवला, पण त्या प्रसिद्ध धुनीवर टोप आणि लाल टाचा आल्या नाहीत. आजच्या कपड्यांतील तरुण 'क्रंप' नाचले. हा नाच लॉस एंजेलिसच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत जन्मलेला. पाय आपटत, छाती पुढे काढत ते नाचले. ज्यांच्या पूर्वजांना 'रानटी' म्हणून नाचवले होते त्यांच्या वंशाच्या बाजूने जणू उत्तर आले.

परंतु पॅरिसचे कौतुक करून थांबणे हा न्याय नव्हे. हे काम आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी झालेले आहे. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला तो तमाशाच्याच अंगाने. ढोलकी तीच, तुणतुणे तेच, सवाल-जवाबाची रीत तीच. पण गण-गवळणीला फाटा दिला, बाईच्या देहाचा बाजार नाकारला, आणि ज्या फडावर आपली माणसे इतरांच्या करमणुकीसाठी उभी राहत त्याच फडावर आपल्या माणसांना पाणवठ्याचे, शाळेचे, मेलेली गुरे न ओढण्याचे गाणे ऐकवले. कला ठेवली आणि कलेतील गुलामगिरी उतरवून ठेवली. काळाच्या वेषातील सादरीकरणावर यापेक्षा नेमकी समीक्षा मला माहीत नाही. ती गावोगाव फिरून, कंदिलाच्या उजेडात झाली.

आणखी एक दिशा अलीकडे दिसते. भूषण कोरगावकर यांनी 'संगीत बारी'वर पुस्तक लिहिले आणि सावित्री मेधातुल यांच्यासह त्याचा रंगमंचीय प्रयोग उभा केला. त्यात परंपरेने लावणी करणाऱ्या शकुंतलाबाई नगरकरांसारख्या कलावंत स्वतःच्या नावाने उभ्या राहतात. नाचणारीला नाव मिळणे ही लहान गोष्ट नाही. अर्थात नाव मिळाले की पुढचा प्रश्न येतोच: फडाचा हिशेब कोणाच्या हाती, म्हातारपणाची सोय काय, आणि तिच्या लेकीला हे काम नाकारण्याचे स्वातंत्र्य आहे काय?

शिक्षक आणि विद्यार्थी मित्रांना म्हणून मी एवढेच सुचवीन. संमेलनात लावणी जरूर करा, ती आपल्याच माणसांच्या पायांनी घडवलेली आहे. पण निवेदनात 'वैभवशाली वारसा' म्हणण्याआधी ती कोणी नाचली, कोणासाठी नाचली आणि तिला काय मिळाले हे सांगा. कुणबिणीचा उल्लेख करा. आपल्या तालुक्यातील हलगीवाल्याला, गोंधळ्याला, जुन्या शाहिराला स्पर्धेचा परीक्षक म्हणून बोलवा आणि त्याला इतर परीक्षकांइतकेच मानधन द्या. पेशवाईचा दरबार उभा करायचाच असेल तर त्याच मंचावर, रोजच्या कपड्यांत, एका विद्यार्थ्याने किंवा विद्यार्थिनीने उभे राहून बाबासाहेबांनी केलेले ते दोऱ्याचे, झाडूचे आणि मडक्याचे वर्णन वाचून दाखवावे. दरबारातील सर्वांनी पगड्या घातलेल्या असतानाच ते ऐकावे. त्यासाठी ड्रेपरीचा एक रुपयाही खर्च येत नाही.