भिंतींचा इतिहास आणि माणसांचा

आमच्या कापड्याहून महाड, माणगाव, रोहा असे उतरत गेले की कुंडलिकेच्या मुखाशी रेवदंडा लागते. जुन्या चौल बंदराचे हे पोर्तुगीज नगर. माडांच्या वाड्यांतून फ्रान्सिस्कन मठाचा मनोरा आजही दिसतो. लोक त्याला 'सातखणी' म्हणतात. वरचे मजले मात्र केव्हाच ढासळले आहेत.

या नगराविषयी प्रथम उघडावा असा ग्रंथ म्हणजे गोमंतकीय वैद्य व इतिहाससंशोधक डॉ. जोझे गेर्सन द कुन्हा यांनी चौल आणि वसई यांवर इंग्रजीत लिहिलेला, १८७६ साली मुंबईत प्रसिद्ध झालेला ग्रंथ. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट व ऑगस्टिनियन या संघांची येथील मंदिरे आणि मठ, तट, शिलालेख यांची नोंद त्यांनी साक्षेपाने केली. पुढे झिजत गेलेली अक्षरे त्यांनी कागदावर जपली, हे ऋण लहान नव्हे.

तथापि ग्रंथाची मर्यादा त्याच्या दृष्टीतच आहे. त्याचा भर कप्तान, वेढे आणि वास्तू यांवर राहतो. मठाच्या घंटेवर ज्यांचा दिवस उगवत होता त्या सामान्य भाविकांची चाहूल त्यात क्वचितच लागते. त्यामुळे ग्रंथ मिटताना वाटते, भिंती पडल्या आणि सारे संपले.

परंतु सारे संपले नाही. खाडीपलीकडे कोर्लई आहे. १७४० मध्ये चौल मराठ्यांच्या हाती आले, पोर्तुगीज गेले. कोर्लईचे ख्रिस्ती कुटुंबीय तेथेच राहिले. त्यांची पोर्तुगीज मुळाची बोली मराठीच्या शेजारात वाढली. शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखे वाक्याच्या शेवटी. ते तिला 'नो लिंग', म्हणजे 'आपली भाषा', म्हणतात. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. द कुन्हांच्या ग्रंथाशेजारी तो ठेवावा. एकात मठाचे दगड आहेत, तर दुसऱ्यात मठामागे उरलेली माणसे.

कोर्लईची मुले मराठी शाळेत शिकतात, आणि ते योग्यच आहे. पण घरातली बोली आजीबरोबरच मावळली, तर ती हानी मनोऱ्याच्या पडझडीहून मोठी ठरेल. मनोऱ्याची डागडुजी शासन करू शकेल. बोलीची डागडुजी घरातच व्हावी लागते.

म्हणून वाचकांना विनंती आहे. सहलीला रेवदंड्यास जाल तेव्हा सातखणी अवश्य पाहा. पण तेथूनच माघारी फिरू नका. खाडी ओलांडून कोर्लईला जा, आणि तेथील वडीलधाऱ्यांशी दोन शब्द बोला.