भविष्याचा सौदा

मुंबई इंडियन्सने रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्याला कर्णधार केल्याची बातमी आली तेव्हा मी ऐरोलीहून पनवेल लोकलने घरी येत होते. तारीख १५ डिसेंबर २०२३. संघाच्या निवेदनात परंपरा घडवण्याबद्दल आणि भविष्यासाठी सज्ज राहण्याबद्दल काही वाक्यं होती. तसली वाक्यं मी रोज ऑफिसच्या मेलमध्ये वाचते, त्यामुळे मला त्यात विशेष काही वाटलं नाही. घरी आल्यावर बाबांना म्हटलं, "रोहित छत्तीसचा झाला. कधीतरी नवीन माणूस आणावाच लागतो." बाबा म्हणाले, "नवीन कुठला? आपलाच होता की तो. आपणच सोडला आणि आता आपणच विकत आणला."

दुसऱ्या दिवशी मी 'मनीबॉल' पुन्हा पाहिला. मायकल लुइस यांच्या २००३च्या पुस्तकावर बेनेट मिलर यांनी २०११मध्ये केलेला हा चित्रपट आमच्या इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर पोथीसारखा लावला जायचा. आकडे खरे, जुन्याजाणत्यांचे अंदाज खोटे, आणि लॅपटॉप घेऊन बसलेला जाडसा मुलगा शेवटी बरोबर ठरतो. विशीतल्या इंजिनिअरला यापेक्षा गोड गोष्ट कोण सांगणार? या खेपेस मात्र चित्रपटात काय नाही, तेच जास्त दिसत राहिलं.

गोष्ट थोडक्यात अशी. ओकलंड अ‍ॅथलेटिक्स हा गरीब बेसबॉल संघ. २००२च्या मोसमात त्यांच्या खेळाडूंच्या पगाराचं बजेट चार कोटी डॉलरच्या आसपास, आणि न्यूयॉर्क यँकीजचं त्याच्या तिपटीहून जास्त. महागडे खेळाडू सोडून गेल्यावर व्यवस्थापक बिली बीन (ब्रॅड पिट) आकडेवारीच्या जोरावर बाजाराने कमी किंमत लावलेले खेळाडू हुडकतो. संघ लागोपाठ वीस सामने जिंकतो आणि मोसमात १०३ विजय मिळवतो.

'जुन्याविरुद्ध नवं' अशी या चित्रपटाची ख्याती आहे, पण पडद्यावर घडतं ते जवळजवळ उलटं. बीन ज्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकतो तो कार्लोस पेन्या उमेदीचा, सगळ्यांच्या आशेचा खेळाडू आहे. ज्याच्यासाठी जागा करायची तो स्कॉट हॅटेबर्ग बत्तिशीचा, कोपर निकामी झाल्याने कॅचरचं काम सुटलेला. डेव्हिड जस्टिस तर छत्तिशीचा. त्याचा निम्मा पगार जुना संघ भरतोय, म्हणजे आपण त्याच्याविरुद्ध खेळावं म्हणून तो संघ पैसे मोजतोय, हे बीन त्याला तोंडावर सांगतो. टाकाऊ ठरवलेल्या माणसांत अजून काय शिल्लक आहे, हा चित्रपटाचा खरा विषय आहे. हॉस्टेलवर आम्हांला तो दिसला नाही, कारण टाकाऊ होणं म्हणजे काय हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

चित्रपटातले सगळ्यात चांगले प्रसंग मैदानाबाहेरचे आहेत. खेळाडूला 'तुला दुसरीकडे पाठवलंय' हे कसं सांगायचं, याची बीन आपल्या सहकाऱ्याकडून तालीम करून घेतो. फार बोलायचं नाही, पाल्हाळ नको, फोन नंबर हातात द्यायचा आणि संपवायचं. पुढे त्या सहकाऱ्यावर खरोखर तशी वेळ येते, तेव्हा समोरचा खेळाडू निमूटपणे मान डोलावून उठतो. एवढं नेमकं दृश्य मी दुसऱ्या क्रीडापटात पाहिलेलं नाही.

पण दोन गोष्टी या चित्रपटाने झाकून ठेवल्या आहेत. एक म्हणजे त्या संघाचा पाया. झिटो, मल्डर आणि हडसन हे तीन तरुण गोलंदाज आणि मिगेल तेहादा हा फलंदाज ओकलंडनेच लहानपणापासून वाढवलेले होते. १०३ विजयांमध्ये त्यांचा वाटा केवढा तरी, पण चित्रपटात ते जेमतेम दिसतात. दुसरी गोष्ट म्हणजे प्रेक्षक. तो गर्दीचा गलका म्हणून ऐकू येतो, रेडिओवरच्या कुरकुरीत येतो, पण या सौद्यात त्याचं काय गेलं हे कुणी विचारत नाही. माझ्या मते या दोन उणिवा एकाच जागच्या आहेत.

त्यासाठी बेसबॉलमधली अदलाबदल कशी चालते ते पाहावं लागेल. हरणाऱ्या संघापुढे दर जुलैअखेर एक प्रश्न असतो: करार संपत आलेला आपला जुना, नावाजलेला खेळाडू ठेवायचा, की जिंकू पाहणाऱ्या संघाला देऊन त्यांच्याकडची एकोणीस-वीस वर्षांची दोन-तीन पोरं घ्यायची? ही पोरं खालच्या दर्जाच्या संघांत तयार होतात. त्या व्यवस्थेला तिकडे 'फार्म', म्हणजे चक्क शेतच म्हणतात. त्यातला एखादा वर आला, की पुढची साधारण सहा वर्षं तो त्याच क्लबच्या ताब्यात असतो, तेही बऱ्याच कमी पैशांत. म्हणजे चाहत्याच्या हातून आजचा माणूस काढून घेतात, पण बदल्यात बियाणं देतात. पेरलेलं आपल्याच शेतात उगवणार, हा त्यातला अलिखित करार. चाहता हरणं सहन करतो ते या भरवशावर.

भरवसा फसवाही असू शकतो. याच ओकलंडने मार्च २०२२मध्ये मॅट ओल्सन आणि मॅट चॅपमन हे आपले दोन मोठे खेळाडू दोन दिवसांच्या अंतराने विकले आणि बदल्यात तरुण खेळाडू घेतले. २०२३मध्ये संघ ११२ सामने हरला. त्या जूनमध्ये चाहत्यांनी उलटा बहिष्कार केला: ठरवून मैदान भरलं आणि मालकाला 'संघ विकून टाक' म्हणून घोषणा दिल्या. २०२४च्या मोसमानंतर मालकाने संघच ओकलंडमधून हलवला. शेत विकलं गेलं, बियाणं दुसऱ्या गावी गेलं. 'मनीबॉल'चा गोड शेवट हे माहीत असताना बघवत नाही.

आता आपल्याकडे. आयपीएलमध्ये अशी अदलाबदल अगदी सुरुवातीला झाली होती. २००९च्या मोसमाआधी मुंबईने आशिष नेहराला दिल्लीला दिलं आणि शिखर धवनला घेतलं. एकोणतिशीचा, दुखापतींनी गांजलेला गोलंदाज देऊन तेविशीचा डावखुरा सलामीवीर. कागदावर हा बेसबॉलवाल्यांनी मान डोलवावी असा सौदा. झालं काय? नेहराने दिल्लीसाठी लगेच उत्तम मोसम काढला. धवन मुंबईत दोन मोसम राहिला, २०११चा मोठा लिलाव आला आणि तो हैदराबादकडे गेला. तो मोठा फलंदाज झालाच, पण मुंबईचा म्हणून नव्हे. मुंबईने रोप लावलं आणि तीन वर्षांच्या आत सातबाराच बदलला.

ही चूक मुंबईची नव्हती, स्पर्धेची रचनाच तशी आहे. २०११, २०१४, २०१८, २०२२, २०२५ अशा ठरावीक काळाने होणाऱ्या मोठ्या लिलावांत प्रत्येक संघाला मूठभर खेळाडू ठेवून बाकीचे सोडावे लागतात. कुठलाच संघ कायमचा बलाढ्य होऊ नये, हा त्यामागचा हेतू वाजवी आहे. पण त्याचा दुसरा परिणाम असा, की इथे 'भविष्य' नावाची वस्तू कुणाच्याही मालकीची राहत नाही. २०१५मध्ये दहा लाखांत घेतलेला हार्दिक मुंबईत घडला, २०२२मध्ये गुजरातचा कर्णधार म्हणून विजेता झाला आणि नोव्हेंबर २०२३मध्ये परतला. त्याच्या बदल्यात गुजरातला एकही खेळाडू मिळाला नाही, फक्त पैसे मिळाले. त्याला जागा करण्यासाठी मुंबईने चोवीस वर्षांचा कॅमेरून ग्रीन साडेसतरा कोटींना बंगळूरुला दिला, तोही रोखीत. थोडक्यात, 'भविष्यासाठी' म्हणून तीस वर्षांचा खेळाडू आला आणि चोविशीचा गेला.

जिथे उद्या नाही, तिथे चाहत्याकडे कालच उरतो. म्हणून आयपीएलमध्ये जुन्या खेळाडूंचं माहात्म्य वाढतच जातं. पाच वर्षं देशासाठी न खेळलेल्या भारतीय खेळाडूला 'अनकॅप्ड' धरण्याचा जुना नियम २०२४मध्ये परत आणला गेला, आणि चेन्नईने महेंद्रसिंग धोनीला चार कोटींत ठेवून घेतलं. त्रेचाळीस वर्षांचा विश्वविजेता कर्णधार कागदोपत्री होतकरू मुलांच्या रांगेत बसला. यावर हसू येतं, पण स्पर्धेने स्वतःबद्दल याहून खरं काही सांगितलेलं नाही.

२०२४च्या मोसमात हार्दिकची अहमदाबादेत, हैदराबादेत आणि शेवटी घरच्या वानखेडेवरही हुर्यो उडवली गेली. १ एप्रिलला नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागा म्हणून सांगावं लागलं. टीव्हीवर बाबा ते पाहत होते आणि पहिल्यांदाच त्यांनी आवाज बंद केला. तो मोसम मुंबईने चौदापैकी चार सामने जिंकून तळाला संपवला. तेलही गेलं, तूपही गेलं. त्यावर लिहिणाऱ्या बहुतेकांनी दोनच बाजू घेतल्या: चाहते भावनिक आणि अडाणी, किंवा व्यवस्थापन कृतघ्न. मला तो आवाज मुख्यतः फसवणूक झालेल्या भागीदाराचा वाटला. त्याच्याकडून काल घेतला आणि बदल्यात उद्या दिलाच नाही, फक्त उद्याचा शब्द दिला. पण ओकलंडच्या आणि आपल्या प्रेक्षकांत एक फरक आहे आणि तो आपल्या बाजूने नाही. त्यांनी मालकाकडे बोट दाखवलं. आपण ज्याची खरेदी-विक्री झाली त्याच्यावर ओरडलो. मालकांच्या कक्षाकडे वानखेडेने मान वर करूनही पाहिलं नाही. तीनच महिन्यांनी, विश्वचषकाचं शेवटचं षटक टाकून आलेल्या हार्दिकचा त्याच मैदानात जयघोष झाला. त्यातही हिशेब मालकांशी नव्हताच.

मला हे इतकं का लागतं, तेही सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी माझ्या आधीच्या कंपनीत मला आमच्या लीडकडून 'केटी' घ्यायला सांगितलं गेलं. केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, निघणाऱ्याने आपलं ज्ञान मागे ठेवून जाणं. ते सोळा वर्षं अनुभवी होते, मी दोन. आमच्या धंद्यात याला 'पिरॅमिड' नीट करणं म्हणतात: वरचा एक महाग माणूस कमी केला की खाली तीन स्वस्त बसतात. चार आठवडे ते रोज दुपारी मला एकेक मोड्यूल समजावत होते. महिनाअखेरीला चालणाऱ्या एका जॉबमध्ये एक विचित्र अट होती. ती का आहे, हे कुठल्याच डॉक्युमेंटमध्ये नव्हतं. त्यांनी सांगितलं, मी वहीत उतरवलं. शेवटच्या दिवशी त्यांनी विचारलं, "अजून काही राहिलंय का गं?" मी "नाही, सर" म्हणाले. राहिलं होतं बरंच, पण ते कोडबद्दलचं नव्हतं.

त्या सौद्यातलं 'भविष्य' मी होते. दीड वर्षाने दुसरीकडे चांगली पगारवाढ मिळाली आणि मी राजीनामा दिला. जाताना मीही एका फ्रेशरला केटी दिली. ती विचित्र अट सांगितली, ती कुणी सांगितली होती हे सांगितलं नाही. कंपनीला धवन मिळाला होता, टिकला नाही. यात मी कुणाला दोष देऊ? मला पैसे हवे होते. पण तेव्हापासून 'भविष्यासाठी' हा शब्द दिसला, की ते भविष्य कुणाचं आणि ते येईपर्यंत इथे कोण थांबणार आहे, हे विचारायची मला सवय लागली आहे. 'मनीबॉल' अत्यंत हुशार चित्रपट आहे, पण तो किंमत चुकल्याबद्दल जेवढा विचार करतो तेवढा थांबण्याबद्दल करत नाही.

१ एप्रिलच्या त्या हुर्योच्या अठरा दिवस आधी, १४ मार्च २०२४ला, त्याच वानखेडेवर मुंबईने विदर्भाला हरवून बेचाळिसाव्यांदा रणजी करंडक जिंकला. आठ वर्षं मुंबईला तो मिळाला नव्हता. एकोणीस वर्षांच्या मुशीर खानने दुसऱ्या डावात १३६ धावा केल्या होत्या. पस्तिशीच्या धवल कुलकर्णीचा तो शेवटचा सामना होता. विदर्भाची शेवटची विकेट उरली तेव्हा कर्णधार अजिंक्य रहाणेने चेंडू धवलच्या हातात दिला आणि त्याने उमेश यादवचा त्रिफळा उडवला. जुना गेला, नवा आला, कुणी कुणाला विकलं नाही. रणजीतलं राजकारण, निवडीतला अन्याय, तुटपुंजे पैसे हे सगळं खरं आहे, आणि आयपीएलने कित्येक खेळाडूंची घरं उभी केली हेही खरं. तरी मी ऑफिसात दुसऱ्या स्क्रीनवर तो चेंडू पाहिला तेव्हा मला आमच्या लीडची आठवण झाली. महिनाअखेरीचा जॉब एकदा त्यांच्या हाताने चालवायला द्यायला हवा होता.