टुईंगचं राज्य

परवा भाचीशेजारी बसून एक देशी कार्टून पाहिलं. लाडू उचलला की टुईंग, गिळला की गुळूप, कुणी पायऱ्या चढलं की झायलोफोनवर सा-रे-ग-म, आणि या सगळ्याखाली कीबोर्डचा ढोल, अखंड. गोष्टीतली आजी रडायला लागली तेव्हाही ढोल तोच, फक्त आवाज बारीक केलेला.

चित्रात दिसतं तेच पुन्हा वाजवायचं, हे मिकी-माउसिंग मुळात हलकं काम नाही. टॉम अँड जेरीसाठी स्कॉट ब्रॅडलीने जन्मभर तेच केलं. पण १९४४ साली जेरी कुत्र्याचं मुंडकं घालून हिंडला, तेव्हा ब्रॅडलीने त्याच्या चालीला आधुनिक संगीतकार शोनबर्गची बारास्वरी पद्धत लावली! टीव्ही आला, पैसा आटला आणि हॅना-बार्बेरा कंपनीने साठवणीतले तुकडे भागामागून भाग फिरवले. आपण तिथून पुढे सरकलोच नाही. आपल्याकडे मोगलीचं शीर्षकगीत आजही सगळ्यांना तोंडपाठ आहे. शेरखान येताना काय वाजायचं, ते मात्र आठवून सांगा.

आता 'काउबॉय बीबॉप'. १९९८ची जपानी मालिका, संगीत योको कान्नोचं. पाचव्या भागात चर्चमध्ये गोळीबार होतो आणि नायक स्पाइक रंगीत काचेच्या खिडकीतून खाली फेकला जातो. मागे स्फोट. दुसरा कुणी असता तर इथे ब्रास आणि ड्रम्स तुटून पडले असते. कान्नो देते पियानो आणि समूहाचे कोवळे स्वर. माणूस हळूहळू पडतोय, जुन्या आठवणी सरकतायत, आणि संगीताला कसली म्हणून घाई नाही. चांगला हार्मोनियमवाला गवयाच्या प्रत्येक हरकतीमागे धावत नाही, जागा सोडतो, तसंच हे. कान्नो अनेकदा चित्राआधीच चाली करून द्यायची आणि दिग्दर्शक वातानाबेला त्यांतून प्रसंग सुचायचे. म्हणजे इथे साथीदारच गवयाला जागा सुचवतोय.

हे जपानलाच परवडतं, असं कुणी सांगू नये. १९९२च्या अॅनिमेटेड बॅटमॅनसाठी शर्ली वॉकर आणि तिचे सहकारी दर भागाला नवं संगीत लिहायचे आणि ते खऱ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घ्यायचे. प्रेक्षक तिथेही मुलंच होती. 'सिम्पसन्स'वाल्यांनी मात्र संगीतकार आल्फ क्लॉसनला २७ वर्षांनी, २०१७ मध्ये, घरी पाठवलं. तेव्हा चर्चा झाली ती ३५ वादकांच्या खर्चाची. हिशेबनिसाने संगीत ऐकलं की असंच होणार.

आपले निर्माते तर खर्चाचंही कारण देत नाहीत. 'मुलांना काय कळतंय!' म्हणतात. भाचीने मध्येच रिमोट घेऊन आवाज बंद केला आणि उरलेलं कार्टून तसंच पाहिलं; तिचं काही अडलं नाही. म्हणजे कळतंय की! वाद्यवृंद नको, कान्नोही नको. संगीतकाराला पूर्ण झालेला भाग दाखवा, लिहायला चार दिवस द्या. तेही जमत नसेल, तर आजी रडते तेवढा वेळ तरी ढोल बंद ठेवा.