मराठी ख्रिस्ती उपासनागीत आणि गिटारची साथ : एक चिकित्सा

प्रस्तावना :
अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कोल्हापुरात ख्रिस्ती कार्यास आरंभ केला. पुढे याच नगरीने अल्लादिया खाँसाहेबांना आश्रय दिला; गायन समाज देवल क्लबची परंपरा तर १८८३ पासूनची. रागसंगीताचे संस्कार असलेल्या या परिसरातील तरुण ख्रिस्ती वादक आज उपासनेसाठी गिटारचा अभ्यास करतात. या अभ्यासाची दिशा तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परंपरेचे स्वरूप :
रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि अभंग, पद व कीर्तन ही मराठी भक्तीची रूपे ख्रिस्ती उपासनेत रुजविली. भाषांतरित स्तोत्रांत परक्या चालीसाठी मराठी शब्दांची ओढाताण होत असे. टिळकांच्या रचनेत शब्द आणि चाल एकाच मातीतले झाले. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात हे दोन्ही प्रवाह एकत्र नांदतात. साथीदाराची खरी कसोटी येथेच लागते.

आक्षेप आणि त्याची मर्यादा :
गिटार हे परकीय वाद्य असल्याने ते वर्ज्य मानावे, हे मत टिकणारे नाही. ज्या पेटीशिवाय आपल्याला भजनाची कल्पना करवत नाही, ती हार्मोनियमही युरोपातूनच आली. आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि १९७१ मध्ये ती शिथिल केली. मात्र भजनी मंडळांनी तिला कधीच सोडले नाही. वाद्य कोठून आले यापेक्षा ते गीताची सेवा कशी करते, हा प्रश्न महत्त्वाचा होय.

दोष कोठे आहे? :
दोष शिक्षणपद्धतीत आहे. नवशिका तीन-चार कॉर्ड आणि एक ठरावीक स्ट्रमिंग शिकतो व तेच प्रत्येक गीतावर लादतो. याचे तीन परिणाम संभवतात.

पहिला परिणाम छंदावर होतो. मोठ्या अभंगाची चरणरचना सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांची असते. शेवटच्या आखूड चरणावर गायक स्वर लांबवितो आणि अर्थ तेथेच स्थिरावतो. वादकाने त्या जागी सवयीने कॉर्ड बदलली, तर विसावा मोडतो. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा मोजल्या, एवढ्याने त्या ठेक्याचे वजन हाती येत नाही.

दुसरा परिणाम रागावर होतो. भैरवीत रिषभ, गंधार, धैवत व निषाद कोमल असतात. तेथे पंचमावरची नेहमीची मेजर कॉर्ड वाजविल्यास तीतील शुद्ध निषाद आणि शुद्ध रिषभ चालीशी भांडतात. अशा वेळी गंधार वगळून केवळ षड्ज-पंचमाची जोडी छेडणे अधिक सुरक्षित ठरते. तंबोऱ्याचे हे जुने शहाणपण गिटारवरही साधता येते.

तिसरा परिणाम मंडळीवर होतो. वादकाच्या सोयीची पट्टी गाणाऱ्यांना चढी किंवा ढाली पडली, की वयस्कर माणसे गप्प बसतात आणि उपासनेचा कार्यक्रम होतो. पेटीवर ‘काळी एक’ धरणाऱ्या गायकासाठी पहिल्या पडद्यावर कॅपो लावून सी कॉर्डच्याच आकारात वाजविता येते. युक्ती साधी आहे. परंतु ती सुचण्यासाठी आधी गाणाऱ्याचे ऐकावे लागते.

सरावाचा क्रम :
म्हणून सरावाचा क्रम उलटा करावयास हवा. प्रथम गीत अर्थासह वाचावे, नंतर टाळीवर गावे, मग चालीतले स्वर एकेरी तारेवर काढावेत आणि शेवटी कॉर्ड निवडाव्यात. भाषांतरित स्तोत्रांच्या चाली मुळातच स्वरसंवादावर उभ्या असल्याने तेथे कॉर्ड मोकळेपणाने वाजवाव्यात. अभंगात मात्र संयम राखावा.

समारोप :
दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजाने मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य स्थान देण्यास सांगितले. टिळकांनी हे कार्य मराठीत त्याच्या कितीतरी आधी केले होते. गिटार वाजविणाऱ्या तरुणांमुळे तो वारसा आपोआप बुडणार नाही आणि आपोआप टिकणारही नाही. शेवटच्या बाकावरील आजीबाईंना आपल्या पाठच्या अभंगाचे शब्द ऐकू आले आणि त्याही गाऊ लागल्या, तर ती साथ यशस्वी मानावी.