‘सुंठीने’ आणि ‘सुंठीवाचून’ : घरगुती औषधांच्या भाषेची चिकित्सा

१

वैद्य आणि औषध यांविषयीच्या मराठी म्हणी एकत्र मांडून पाहिल्या, तर त्यांतील बहुतेक वैद्याला अनुकूल नाहीत असे दिसते. ‘गरज सरो, वैद्य मरो’ या म्हणीत रोग्याची कृतघ्नता आहे. परंतु वैद्याशी असलेला संबंध गरजेपुरताच असतो हेही तीत गृहीत धरलेले आहे. ‘रोग रेड्याला, औषध पखालीला’ या म्हणीत निदानाचा उपहास आहे. आजारी पडला तो पाणी वाहणारा रेडा, आणि उपचार झाला त्याच्या पाठीवरील पखालीवर. वैद्य हा यमाचा भाऊ, यम केवळ प्राण नेतो तर वैद्य प्राणांबरोबर पैसाही नेतो, अशा आशयाचे संस्कृत सुभाषित मराठी घरांतूनही परिचित आहे. मोलिएरच्या १६६६ सालच्या फ्रेंच प्रहसनाचे ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ हे हरि नारायण आपटे यांनी केलेले रूपांतर मराठी प्रेक्षकाला परके वाटले नाही, याचे कारण त्यातील थट्टेची जमीन येथे आधीच नांगरलेली होती.

तेव्हा वैद्याविषयीचा अविश्वास ही आजची किंवा पाश्चात्त्य वैद्यकाच्या आगमनानंतरची गोष्ट नव्हे. तथापि या म्हणींचा रोख नीट पाहिला पाहिजे. त्या हसतात त्या वैद्याला, औषधाला नव्हे. उलट औषधाविषयी भाषेने आदरच राखलेला आहे. अचूक उपायाला ‘रामबाण’ म्हणतात. युक्ती सफल झाली की ‘मात्रा लागू पडली’ म्हणतात. एखादी वस्तू मुळीच उरली नसेल तर ती ‘औषधालाही नाही’ असे म्हणतात. या शेवटच्या वाक्प्रचारात औषध म्हणजे अल्प प्रमाणात, मोजून घ्यावयाची वस्तू, ही जाणीव स्पष्ट आहे. डॉक्टरांवरील अविश्वास आणि घरगुती उपचारांवरील विश्वास यांची आज जी जोडी जमली आहे तिचा उगम परंपरेत शोधण्याची प्रथा आहे. परंतु परंपरेची भाषा त्या जोडीला कितपत आधार देते, हे तपासण्यासारखे आहे.

२

या तपासणीस सर्वांत उपयुक्त म्हण म्हणजे ‘सुंठीवाचून खोकला गेला’. तिचाच ‘औषधावाचून खोकला गेला’ असाही पाठ आहे. खटपट न करता अडचण आपोआप दूर झाली, असा तिचा रूढ लाक्षणिक अर्थ. परंतु लक्षणा उभी राहते ती वाच्यार्थावर, आणि येथील वाच्यार्थ असा की खोकला पुष्कळदा स्वतःच जातो. सर्दी, साधा खोकला, बारीक ताप ही दुखणी काही दिवसांची मुदत घेऊन येतात आणि मुदत संपली की निघून जातात. आधुनिक वैद्यकाने पुढे काटेकोरपणे मांडलेली ही गोष्ट म्हण करणाऱ्यांच्या अनुभवास आलेली होती. शिवाय त्यांनी उदाहरण घेतले ते घरातील सर्वांत विश्वासाच्या औषधाचे. सुंठीवर श्रद्धा असूनही सुंठीविना खोकला जातो हे त्यांनी नोंदवून ठेवले.

आज घरगुती औषधांविषयी जे लिहिले व सांगितले जाते, त्यात नेमके हेच वाक्य उलटे होते. ‘सुंठीवाचून’ हे अभाव दाखविणारे शब्दयोगी रूप जाते आणि त्या जागी ‘सुंठीने’ ही तृतीया येते. ‘सुंठीने खोकला गेला’, ‘हळदीने घसा मोकळा झाला’, ‘ओव्याने पोट राहिले’. तृतीयेचा ‘ने’ कार्यकारणभाव ठामपणे सांगतो. वास्तविक घडलेले असते एवढेच, की सुंठ घेतली आणि त्यानंतर खोकला गेला. ‘नंतर’ या कालवाचक संबंधाचे ‘ने’ या कारणवाचक संबंधात रूपांतर बोलण्याच्या ओघात सहज होते आणि ते कोणाच्या ध्यानी येत नाही.

‘ने’ लावण्याचा अधिकार कोणत्याही घरगुती पदार्थाला कधीच मिळत नाही, असे मात्र नव्हे. तो मिळवावा लागतो. पदार्थ घेणारे आणि न घेणारे अशा दोन गटांची तुलना करणे, म्हणजेच ‘सुंठीने’ आणि ‘सुंठीवाचून’ ही दोन्ही वाक्ये शेजारी ठेवून पाहणे, हा तो मार्ग होय. खोकल्यावरील मधाच्या बाबतीत असे झालेले आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली तोवरच्या चाचण्यांचा एकत्रित विचार केला आणि श्वसनमार्गाच्या वरच्या भागातील संसर्गात नेहमीच्या उपचारांपेक्षा मधाने लक्षणांना अधिक उतार पडतो, असा निष्कर्ष काढला. येथे तृतीया साधार आहे. परंतु त्याच वर्षी करोनाच्या साथीत आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, काळी मिरी, सुंठ व मनुका यांचा काढा प्रतिकारशक्तीसाठी घेण्याचे सुचविले, तेव्हा पाहता पाहता घरोघरी ‘काढ्याने करोना जातो’ असे वाक्य तयार झाले. त्या रोगातून बहुसंख्य रुग्ण विशेष उपचारांवाचून बरे होत होते. त्या सर्वांचे श्रेय काढ्याच्या खात्यावर जमा झाले; जे दगावले त्यांच्या घरी काढा उकळला होता की नाही, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

३

या भ्रमाला मराठीतील एका शब्दाचे विशेष साह्य होते. तो शब्द म्हणजे ‘गुण’. आयुर्वेदाच्या परिभाषेत गुण म्हणजे द्रव्याच्या ठिकाणी असणारा धर्म. बोलभाषेत ‘गुण येणे’ म्हणजे रोग्याला बरे वाटणे. पहिला गुण पदार्थात असतो, दुसरा रोग्याच्या अनुभवात. शब्द एकच असल्यामुळे ‘हळद गुणकारी आहे’ आणि ‘हळदीने गुण आला’ ही दोन स्वतंत्र विधाने एकमेकांची साक्ष देऊ लागतात.

हळदीच्याच प्रसंगात हा गोंधळ मोठ्या प्रमाणावर दिसून आला. जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर करण्याविषयीचे एकस्व अमेरिकेत १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला देण्यात आले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. हा विजय न्याय्य होता. परंतु तेथे सिद्ध झाले ते एवढेच, की हा उपयोग भारतात पूर्वीपासून ठाऊक होता, म्हणून तो नवा शोध ठरत नाही. हळद किती गुणकारी, हा प्रश्न त्या निर्णयाचा विषयच नव्हता. तरीही ‘अमेरिकेने हळदीचे गुण मान्य केले’ असा त्याचा अर्थ सर्रास लावला गेला. प्राचीनत्वाचा पुरावा परिणामाचा पुरावा म्हणून वापरणे ही घरगुती औषधांवरील लेखनाची एक स्थायी खोड आहे.

हाच ‘गुण’ शब्द डॉक्टरच्या बाबतीत ‘हातगुण’ या समासात येतो. डॉक्टर निवडताना मराठी माणूस पदवीबरोबर हातगुणही पाहतो. याचा अर्थ विश्वास बसतो तो शास्त्रावर नव्हे, व्यक्तीवर. आणि व्यक्तीवरील विश्वास एका कटू अनुभवाने मोडतो. तो मोडला की रोगी दुसऱ्या विश्वासाच्या हाताकडे, बहुधा घरातल्या हाताकडे, वळतो.

४

दुसरा विचारात घेण्यासारखा शब्द ‘बाधणे’. जुन्या व्यवहारात काहीही बाधू शकत असे. केळे बाधे, ताक बाधे, वैद्याची मात्राही बाधे. औषध ‘मानवले नाही’ असे म्हणताना ते घरचे की बाहेरचे हा भेद नव्हता. पथ्य आणि अनुपान यांची सारी व्यवस्था या समजुतीवर उभी होती. आता त्या जागी ‘साइड इफेक्ट’ हा शब्द आला आणि तो केवळ डॉक्टरी औषधांना चिकटला. ‘आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही’ हे वाक्य इतके रूढ झाले आहे की त्याला पुराव्याची गरज कोणास वाटत नाही. परका शब्द परक्या औषधाला लागला आणि घरचे औषध आपसूक निर्दोष ठरले. वस्तुतः ही निर्दोषता आयुर्वेदाच्या ग्रंथकारांनाही मान्य झाली नसती.

याची किंमत काल्पनिक नाही. २०२० च्या उत्तरार्धात मुंबईत गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे आढळले, आणि तेथील यकृततज्ज्ञांनी २०२१ साली अशा सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष अमान्य केला व गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वनस्पती वापरली गेली असण्याची शक्यता दाखविली. वाद कोणत्याही बाजूने सोडविला तरी घरगुती औषधाच्या पुरस्कर्त्याची सुटका होत नाही. कारण कुंपणावरची वेल तोडून आणणाऱ्याला ‘गुळवेल’ हे नाव आणि ती वनस्पती यांची गाठ कोण घालून देणार? मधाचेही तेच. तान्ह्या बाळाला मध चाटविण्याची चाल जुनी आहे. पण मधात असू शकणाऱ्या बोट्युलिनम जंतूंच्या बीजाणूंमुळे एक वर्षाखालील बालकाला तो देणे धोक्याचे असते. मध खोकल्यावर उपयोगी आहे आणि तान्ह्या मुलाला घातक ठरू शकतो, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

५

येथवरच्या विवेचनावरून सारा दोष रोग्याचा असा समज होणे योग्य नव्हे. अविश्वासाला सबळ कारणे आहेत. डॉ. अरुण गद्रे व डॉ. अभय शुक्ला यांच्या २०१६ सालच्या इंग्रजी ग्रंथात डॉक्टरांनीच दलाली, अनावश्यक तपासण्या व अनावश्यक शस्त्रक्रिया यांविषयी साक्ष दिलेली आहे. त्याच वर्षी तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेला, चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावे, असा नियम करावा लागला. रोग्याला वाचता न येणारी चिठ्ठी त्याच्या भाषेतही नसते. आजी मात्र ‘थंडी बाधली आहे’ असे सांगते, काय खाऊ नये ते सांगते आणि कपाळावर हात ठेवते. तिचे निदान चुकीचे असू शकेल, परंतु ते वाक्य पूर्ण असते. ‘व्हायरल आहे’ एवढे बोलून पाच गोळ्या लिहिणाऱ्याचे वाक्य अपूर्ण राहते.

शिवाय तृतीयेचा गैरवापर दवाखान्यातही होतो. विषाणूमुळे झालेल्या सर्दीवर प्रतिजैविके चालत नाहीत हे ठाऊक असूनही ती दिली जातात आणि आठवड्याने ‘गोळीने खोकला गेला’ असे दोघेही मानतात. रेड्याची म्हण अलीकडे ‘रोग हल्याला, इंजेक्शन पखालीला’ अशी ऐकू येते. लोकभाषेने औषध बदलले, उपहास कायम ठेवला. आणि तो अनाठायी नाही.

६

परंतु या साऱ्या वादात जे दुर्लक्षित राहते ते अधिक महत्त्वाचे आहे. ‘सुंठीवाचून खोकला गेला’ ही म्हण जाणाऱ्या खोकल्याविषयी बोलते. न जाणाऱ्या खोकल्याविषयी ती मौन पाळते, आणि तेच मौन घरगुती औषधांच्या लेखनातही आहे. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला क्षयाच्या तपासणीस पात्र आहे, हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा साधा नियम आहे. लहान मुलाचा श्वास जलद होऊन छाती आत ओढली जात असेल, तर काढा उकळण्याइतकाही अवधी दवडू नये. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी केलेल्या व १९९० साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने दाखविले, की गावातील कार्यकर्ते आणि दाया यांना बालकाचा न्यूमोनिया ओळखून औषध देण्यास शिकविले तर बालमृत्यू घटतात. तेथे उपचार घरापाशीच राहिला. त्यात ओळख आणि मर्यादा यांची भर पडली.

जुन्या आजीबाईच्या बटव्यात ही मर्यादा काही अंशी होती, कारण औषध देणारी स्वतः रोग्यासमोर असे. रात्रीत उतार पडला की नाही हे ती पाहू शके. बटवा छापील पानावर आला तेव्हा वनस्पतींची नावे आली, पाहणारी मागे राहिली. त्यामुळे लिखित उपचारावर अधिक जबाबदारी येते. ती कशी पार पाडता येते याचा उत्तम नमुना म्हणजे जलसंजीवनी. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना साखर व क्षार मिसळलेले पाणी पाजून मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले. तिचे घरगुती रूप एका वाक्यात मावते : एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ. या वाक्यात ‘चिमूटभर’ नाही, ‘अंदाजाने’ नाही. मीठ वाढले तर ते बाधते, हे त्यात गृहीत आहे.

घरगुती औषधावरील कोणत्याही लेखनास म्हणून तीन प्रश्न विचारावेत. प्रमाण किती, कोणाला देऊ नये, आणि किती दिवसांनी थांबून डॉक्टरकडे जावे. ज्या लेखनात या तिन्हींची उत्तरे आहेत ते परंपरेचे आणि शास्त्राचेही ऋण फेडते. ज्यात ती नाहीत, त्याने सुंठीचे नाव घेतले तरी सुंठीविषयीच्या म्हणीतला शहाणपणा त्याच्या वाट्याला आलेला नाही. डॉक्टरांनीही चिठ्ठीबरोबर हीच तीन उत्तरे रोग्याच्या भाषेत दिली, तर अविश्वासाचे निदान एक कारण तरी दूर होईल.